हो म्हटलं तर बंदूक नाही, नाही म्हटलं तर गुन्हा

ऑक्टोबर २०११ मध्ये अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात, माउंडहाउस नावाच्या लहानशा वस्तीत, रोवन विल्सन या बाई बंदूक घ्यायला दुकानात गेल्या. दुकानदार ओळखीचा होता. त्याने फॉर्म पुढे केला. नाव, पत्ता, जन्मतारीख भरत भरत बाई 'अकरा-ई' या प्रश्नापाशी आल्या. तुम्ही गांजाचं किंवा दुसऱ्या एखाद्या नियंत्रित अमली पदार्थाचं बेकायदा सेवन करता का, किंवा तुम्हाला त्याचं व्यसन आहे का, असा तो प्रश्न. पुढे दोनच घरं, हो आणि नाही. विल्सनबाईंनी दोन्ही कोरी सोडली.

कारण साधं होतं. त्यांच्याकडे वैद्यकीय गांजाचं कार्ड होतं, आणि ते खुद्द नेवाडा सरकारने दिलेलं होतं. राज्याच्या हिशेबी त्यांचं काही चुकत नव्हतं. पण बंदुकीचा फॉर्म असतो केंद्र सरकारचा, आणि केंद्राच्या कायद्यात गांजा तेव्हाही बेकायदा होता. दुकानदाराला कार्डाची गोष्ट ठाऊक होती. त्यातून काहीच दिवसांपूर्वी, २१ सप्टेंबरला, बंदुकांचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय खात्याने देशभरातल्या परवानाधारक विक्रेत्यांना उद्देशून एक खुलं पत्र काढलं होतं: ग्राहकाकडे असं कार्ड आहे हे तुम्हाला माहीत असेल, तर तो गांजा घेतो असं मानायला तुमच्याकडे पुरेसं कारण आहे, त्याला बंदूक विकू नका. विकली असती तर परवाना धोक्यात आला असता. बाई रिकाम्या हाताने परतल्या आणि पुढे कोर्टात गेल्या.

या फॉर्मचा नंबर ४४७३. अमेरिकेत बंदूक बाळगणाऱ्या कुणालाही हा आकडा सांगा, आपल्याकडे सात-बारा म्हटल्यावर जसं पुढचं सांगावं लागत नाही तसंच तिथे होतं. १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचा. ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी बंदूक नियंत्रण कायद्यावर सही केली. कुणाला बंदूक विकायची नाही याची यादी त्या कायद्याने केली, आणि अमली पदार्थांचं बेकायदा सेवन करणारे त्या यादीत आले. दोनच वर्षांनी, १९७० मध्ये, नियंत्रित पदार्थांचा कायदा झाला आणि त्याने गांजाला हेरॉइनच्या पंगतीला, पहिल्या अनुसूचीत बसवलं. दोन वेगळे कायदे, दोन वेगळ्या भीतींतून आलेले. त्यांची गाठ पडते ती या फॉर्मच्या एका ओळीवर.

१९९६ मध्ये कॅलिफोर्नियाने वैद्यकीय गांजाला परवानगी दिली. २०१२ च्या नोव्हेंबरात कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांतल्या मतदारांनी निव्वळ मौजेसाठीचा गांजाही मोकळा केला. आज अशी २४ राज्यं आहेत, आणि वैद्यकीय वापराला मुभा देणारी सुमारे ४०. रस्त्याकडेला पाट्या लावून, कर भरून, पावती देऊन गांजा विकला जातो. केंद्राचा कायदा मात्र जागचा हलला नाही. गोंधळ वाढतोय म्हटल्यावर खात्याने काय करावं? २०१६ मध्ये फॉर्म सुधारला आणि त्या प्रश्नाखाली ठळक अक्षरांत इशारा छापला: तुमच्या राज्याने गांजा औषध म्हणून किंवा मौजेसाठी कायदेशीर केला असला, तरी केंद्राच्या कायद्याने त्याचं सेवन आणि बाळगणं बेकायदाच आहे. जानेवारी २०१७ पासून हा फॉर्म दुकानांत आला. म्हणजे 'मला वाटलं चालतं' ही पळवाटही बुजली.

आता काउंटरवर नेमकं काय होतं ते पाहू, कारण बहुतेकांचा इथेच गैरसमज असतो. ग्राहक आपला भाग भरतो, सही करतो. त्या सहीच्या वर लिहिलेलं असतं की उत्तरं खरी आहेत आणि खोटं लिहिणं हा गंभीर गुन्हा आहे हे मला समजलं आहे. मग दुकानदार ओळखपत्र पाहतो आणि फोनवरून किंवा संगणकावरून एफबीआयच्या तपासणी केंद्राला विचारतो. काही राज्यांत हे काम राज्याची यंत्रणा करते. एफबीआयचं केंद्र वेस्ट व्हर्जिनियातल्या क्लार्क्सबर्ग या गावी आहे. १९८१ मध्ये रेगन यांच्यावर गोळीबार झाला तेव्हा त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी कायमचे अपंग झाले. त्यांच्या नावाचा कायदा १९९३ मध्ये झाला आणि त्यातून ही तपासणी ३० नोव्हेंबर १९९८ ला सुरू झाली. या तपासणी केंद्राकडे जातं ते नाव, जन्मतारीख, राहण्याचं राज्य, हत्याराचा प्रकार असलं जुजबी. उत्तर येतं तीनपैकी एक: द्या, थांबा, देऊ नका. आणि जिथे 'द्या' असं उत्तर आलं, तिथली ओळख पटवणारी नोंद २४ तासांच्या आत पुसून टाकावी लागते, कारण बंदूकवाल्यांची सरकारी यादी होऊ द्यायची नाही हा तिथल्या राजकारणातला जुना आग्रह.

भरलेला फॉर्म सरकारकडे जातच नाही. तो दुकानाच्या कपाटात राहतो. दुकान बंद झालं की खोक्यांत भरून वेस्ट व्हर्जिनियातल्याच मार्टिन्सबर्गला जातो. तिथे असे कोट्यवधी कागद आहेत, आणि नाव टाकून ते शोधण्याची सोय मुद्दामच केलेली नाही.

म्हणजे गांजाच्या प्रश्नाचं उत्तर कोण तपासतं? जवळजवळ कोणीच नाही. संगणकात अटकेच्या, शिक्षेच्या, मनोरुग्णालयाच्या नोंदी असतात. शनिवारी रात्री मित्राच्या अंगणात कोणी काय ओढलं याची नोंद नसते. गांजाच्या दुकानातल्या पावत्या एफबीआयकडे जात नाहीत. वैद्यकीय कार्डांच्या याद्या राज्यांकडे असतात आणि बहुधा गोपनीय असतात. आपल्याकडे शस्त्र परवान्याचा अर्ज केला की जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो, शेजारीपाजारी चौकशी होते. अमेरिकेत काही राज्यं असं काही करतात, पण केंद्राची सारी मदार अर्जदाराच्या शब्दावर. 'हो' वर खूण केली, की दुकानदार तिथेच पेन ठेवतो, क्लार्क्सबर्गला फोनही करत नाही. 'नाही' वर केली, की बहुतेक वेळा काम होऊन जातं.

माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचं मर्म इथे आहे. हा प्रश्न धोकादायक माणूस शोधत नाही, खरं बोलणारा शोधतो. सांधेदुखीसाठी रात्री गांजाची गोळी चघळणारी आणि सरळपणे तसं लिहिणारी आजी बंदुकीविना घरी जाते. रोज झिंगून पडणारा थापाड्या बंदूक घेऊन जातो. आणि दारूचं तर विचारूच नका. या फॉर्मचं काम पाहणाऱ्या खात्याच्या नावातच दारू, तंबाखू, बंदुका आणि स्फोटकं हे चारही शब्द आहेत. पण सकाळ-संध्याकाळ व्हिस्की पिणाऱ्याला हा फॉर्म एका शब्दाने काही विचारत नाही.

बरं, 'बेकायदा सेवन करणारा' म्हणजे कोण? कायद्यात व्याख्या नाही. खात्याच्या नियमावलीत वर्षानुवर्षं एक गोलगोल वर्णन होतं: सेवन नेमकं त्या दिवशी किंवा त्या आठवड्यात केलेलं असलंच पाहिजे असं नाही, पण ते चालू आहे असं दिसण्याइतकं अलीकडचं हवं. गेल्या वर्षभरात अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल किंवा चाचणीत अंश सापडला असेल, तर सेवन चालू आहे असा निष्कर्ष काढता येत असे. दोन वर्षांपूर्वी सोडलेला माणूस बिनघोर 'नाही' लिहू शकतो. महिन्यातून एकदा घेणारा? गेल्या दिवाळीनंतर न घेतलेला? न्यायाधीशांमध्येही यावर एकमत नाही, तर काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाने काय ठरवावं!

विल्सनबाईंचा खटला नवव्या विभागीय अपील कोर्टापर्यंत गेला. ३१ ऑगस्ट २०१६ ला निकाल लागला आणि त्या हरल्या. त्यांचं म्हणणं असं की मी कार्ड काढलं ते गांजाच्या चळवळीला पाठिंबा म्हणूनही, मी सध्या गांजा घेतही नाही. कोर्टाने म्हटलं, असेलही तसं, पण दुकानदाराला कार्डावरून तर्क करण्याचा अधिकार आहे. शिवाय, कार्ड परत करून बंदूक घेण्याचा मार्ग तुम्हाला मोकळा आहे. आणि कार्ड काढण्याआधी बंदुका घेऊन ठेवायला तरी तुम्हाला कोणी अडवलं होतं? हे शेवटचं वाचून मी थोडा चक्रावलो. ज्या माणसाच्या हाती हत्यार असणं धोक्याचं म्हणून बंदी आहे, त्याने ते आधीच घेऊन ठेवलं असतं तर चाललं असतं, असं सुचवणारा युक्तिवाद कायद्याच्या पुस्तकात शोभतो, व्यवहारात नाही.

इथे कुणालाही सुचेल असा एक बचाव आहे. अमेरिकेच्या राज्यघटनेची पाचवी दुरुस्ती सांगते की कुणालाही स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येणार नाही. 'हो' लिहिणं म्हणजे केंद्राच्या कायद्याखालचा गुन्हा स्वतःच्या हाताने कबूल करणं. मग सरकार हा प्रश्न विचारतंच कसं? गंमत म्हणजे, गांजा आणि बंदूक या दोन्ही बाबतीत हा बचाव सुप्रीम कोर्टात एकेकदा जिंकलेला आहे, आणि तोही दीडेक वर्षाच्या अंतराने.

पहिला खटला बंदुकीचा. १९३४ च्या कायद्याने नळी कापलेल्या शॉटगनसारखी हत्यारं सरकारदरबारी नोंदवणं सक्तीचं केलं होतं. पण नोंदवायला जाणारा माणूस बहुधा ते हत्यार बेकायदा बाळगणाराच असायचा. जानेवारी १९६८ मध्ये, हेन्स यांच्या खटल्यात, कोर्ट म्हणालं की अशी नोंदणी म्हणजे कबुलीजबाबच झाला. त्यासाठी शिक्षा करता येणार नाही. दुसरा खटला टिमथी लिअरी यांचा. एलएसडीचा प्रचार करणारे, हार्वर्डमधून बाहेर पडलेले हे मानसशास्त्रज्ञ १९६५ च्या डिसेंबरात टेक्सासमधल्या लारेडोच्या नाक्यावर थोड्या गांजासह पकडले गेले. १९३७ च्या कर कायद्याप्रमाणे गांजा घेणाऱ्याने फॉर्म भरून औंसामागे १०० डॉलर कर भरायचा होता. कर भरायला जावं, तर 'माझ्याकडे गांजा आहे' हे सरकारला लिहून द्यायचं आणि राज्याच्या पोलिसांच्या तावडीत सापडायचं. मे १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने लिअरींना सोडवलं. तो कर कायदाच लुळा पडला, आणि १९७० चा नवा कायदा येण्यामागे हेही एक कारण होतं.

मग ४४७३ क्रमांकाच्या फॉर्मला हेच का लागू होत नाही? एक तर बंदूक विकत घेण्याची सक्ती कुणी केलेली नाही. फॉर्म अर्धा टाकून दुकानाबाहेर पडता येतं. पण याहून खोल उत्तर त्याच १९६९ च्या डिसेंबरातल्या ब्रायसन खटल्यात आहे. कामगार संघटनेच्या एका पदाधिकाऱ्याने १९५१ मध्ये आपण कम्युनिस्ट नाही असं प्रतिज्ञापत्र दिलं होतं. ते खोटं ठरल्यावर त्याने बचाव केला की मुळात हा प्रश्न विचारणंच घटनाबाह्य होतं. सुप्रीम कोर्टाने तो मानला नाही. प्रश्नच चुकीचा वाटत असेल तर त्याविरुद्ध दाद मागायचे पुष्कळ मार्ग आहेत, खोटं बोलणं हा त्यातला मार्ग नव्हे, असा त्या निकालाचा मथितार्थ. या तिन्ही निकालपत्रांचे लेखक एकच, न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन. गप्प बसणाऱ्याच्या बाजूने ते दोनदा उभे राहिले, खोटं लिहिणाऱ्याच्या बाजूने नाही. विल्सनबाईंनी घरं कोरी सोडली, ती या रेषेच्या अलीकडे राहून.

खोट्याची किंमत किती, हे एका खटल्याने साऱ्या जगाला दाखवलं. त्यात गांजा नव्हता, क्रॅक कोकेन होतं, पण फॉर्म तोच आणि प्रश्न तोच. १२ ऑक्टोबर २०१८ ला हंटर बायडन यांनी डेलावेअरमधल्या विल्मिंग्टन इथे कोल्ट कोब्रा जातीचं रिव्हॉल्व्हर घेतलं आणि 'अकरा-ई' ला 'नाही' असं उत्तर दिलं. रिव्हॉल्व्हर त्यांच्याकडे ११ दिवस होतं, त्यातून एकही गोळी सुटली नाही. त्यांच्या दिवंगत भावाच्या पत्नीने घाबरून ते एका किराणा दुकानाबाहेरच्या कचरापेटीत टाकलं, आणि रिकामे डबे-बाटल्या गोळा करणाऱ्या एका म्हाताऱ्याला ते सापडलं. पुढे २०२१ मध्ये हंटर यांनी स्वतःच्या व्यसनाबद्दल आत्मकथन लिहिलं. सरकारी वकिलांनी कोर्टात ज्युरीला ऐकवला तो त्यांच्याच आवाजातला त्या पुस्तकाचा ध्वनिमुद्रित भाग.

आरोप तीन होते. एक, विक्रेत्याशी खोटं बोलल्याचा. दोन, विक्रेत्याने ठेवायच्या दप्तरात खोटी नोंद करवल्याचा. तीन, अमली पदार्थ घेत असताना हत्यार बाळगल्याचा. नीट पाहा, पहिले दोन गुन्हे एकाच खुणेतून जन्मले. पहिल्याला कमाल १० वर्षं, दुसऱ्याला ५. तिसऱ्याला तेव्हा १० होती, जून २०२२ च्या कायद्याने ती १५ झाली. बचाव पक्षाचा सारा भर असा की प्रश्न वर्तमानकाळात आहे, आणि खरेदीच्या त्या दिवशी हंटर स्वतःला व्यसनी समजत नव्हते. ज्युरीने तीनेक तास विचार करून ११ जून २०२४ ला तिन्ही आरोपांवर दोषी ठरवलं. १ डिसेंबरला वडिलांनी, म्हणजे राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी, माफी दिली. ज्यांना असा बाप नाही त्यांची शिक्षा माफ होत नाही, हे सांगायला नकोच.

आणि निरुपद्रवी खोटं असं काही या फॉर्मवर नसतं. ब्रूस अब्राम्स्की या माजी पोलिसाने २००९ मध्ये आपल्या काकांसाठी ग्लॉक पिस्तूल घेतलं. पोलिसांना सवलत मिळते म्हणून काकांनी आधीच ४०० डॉलरचा चेक दिला होता. 'खरा खरेदीदार तुम्हीच का' या प्रश्नाला पुतण्याने 'हो' म्हटलं. काकांना स्वतःला पिस्तूल घ्यायला कायद्याची काही आडकाठी नव्हती. तरीही २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी शिक्षा कायम केली.

एवढे कडक कायदे, पण खटले होतात किती? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१८ मध्ये हिशेब मांडला. २०१७ च्या आर्थिक वर्षात केंद्रीय तपासणीत सुमारे १ लाख १२ हजार व्यवहार नाकारले गेले. यातले बरेच जण मुळात खोटं लिहून आलेले असणार, कारण खरं लिहिणाऱ्याची तपासणीच होत नाही. त्यातली सुमारे १२ हजार ७०० प्रकरणं तपासाला गेली. जून २०१८ पर्यंत केंद्राच्या वकिलांनी खटले भरले ते बारा. बारा हजार नव्हे, बारा. सरकारी वकील म्हणतात, बंदूक हाती लागलीच नाही, कुणाला इजा झाली नाही, अशा प्रकरणावर वेळ कुठून आणायचा. म्हणून हा कायदा प्रत्यक्षात वापरला जातो तो दुसऱ्याच कुठल्या तरी कारणाने पकडलेल्या माणसावर आणखी एक कलम चढवायला. कोणाच्या वाट्याला ते कलम येईल हे पोलिसांच्या आणि वकिलांच्या मर्जीवर. ज्या कायद्याचा भंग लाखो लोक करतात आणि शिक्षा मूठभरांनाच होते, त्याच्याविषयी मला नेहमी संशय वाटतो.

एवढं म्हणून दुसरी बाजू सोडून चालणार नाही. हा नियम नुसता कागदी आहे असं म्हणणाऱ्यांनी चार्ल्सटन आठवावं. १७ जून २०१५ ला डिलन रूफ या तरुणाने तिथल्या इमॅन्युएल चर्चमध्ये प्रार्थनेला बसलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना ठार केलं. त्या वर्षीच फेब्रुवारीत त्याला अमली पदार्थ बाळगल्याबद्दल अटक झाली होती आणि त्याने ते कबूलही केलं होतं. याच कलमाखाली एप्रिलमध्ये त्याला बंदूक नाकारली जायला हवी होती. पण नोंद चुकीच्या पोलीस यंत्रणेच्या नावावर होती. तपासनीस तिथे विचारत राहिली, तीन कामाचे दिवस उलटले, आणि नियमाप्रमाणे तेवढ्यात नकार आला नाही म्हणून दुकानदाराने पिस्तूल देऊन टाकलं. एफबीआयचे संचालक जेम्स कोमी यांनी जुलैत ही चूक जाहीरपणे मान्य केली, आणि २०२१ मध्ये सरकारने पीडित कुटुंबांना ८८ दशलक्ष डॉलर देण्याचं ठरवलं. नियम असून उपयोग झाला नाही. पण नियम नसता तर चूक झाली असं म्हणताही आलं नसतं.

राज्यांनी या पेचातून आपापल्या परीने वाटा काढल्या. ओरेगॉनमध्ये शाळेच्या बसवरच्या एका निवृत्त चालकबाईंनी 'मी वैद्यकीय गांजा घेते' हे न लपवता पिस्तूल जवळ बाळगण्याचा परवाना मागितला. शेरीफने नाकारला, आणि २०११ मध्ये ओरेगॉनच्या सुप्रीम कोर्टाने तो द्यायला लावला: केंद्राचा कायदा केंद्राने राबवावा, राज्याचा परवाना राज्याच्या नियमाने द्यावा. हवाईत याच्या उलट झालं. तिथे बंदुका नोंदवाव्या लागतात आणि गांजाची कार्डंही राज्याकडे. नोव्हेंबर २०१७ मध्ये होनोलुलू पोलिसांनी दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या आणि सुमारे ३० लोकांना पत्रं धाडली, ३० दिवसांत हत्यारं जमा करा. ओरड इतकी झाली की पोलिसांना माघार घ्यावी लागली. फ्लोरिडात तर गमतीदार योग. तिथे शस्त्र बाळगण्याचे परवाने कृषी आयुक्तांच्या खात्यातून मिळतात, का ते विचारू नका. त्या पदावर असताना निकी फ्राइड यांनी २०२२ मध्ये वैद्यकीय गांजा घेणाऱ्यांच्या वतीने थेट केंद्र सरकारवरच दावा ठोकला.

त्याच वर्षी जूनमध्ये सुप्रीम कोर्टाने 'ब्रुएन' निकाल दिला आणि बंदुकीच्या सगळ्या कायद्यांचा पायाच हलला. बंदी घालायची तर देशाच्या स्थापनेच्या काळात तशा जातीची बंदी होती हे सरकारने दाखवावं, असा दंडक आला. मग वकील अठराव्या शतकातले कायदे चाळू लागले. सापडलं काय? दारूच्या नशेत असताना बंदूक उडवू नये, मिरवू नये, असले नियम. दारू पिणाऱ्याने शुद्धीवर असतानाही घरात बंदूक ठेवू नये, असा नियम सापडेना. मिसिसिपीत गाडीला नंबरप्लेट नाही म्हणून अडवलेल्या एका माणसाच्या गाडीत गांजाची थोटकं आणि दोन भरलेल्या बंदुका मिळाल्या होत्या. महिन्यातून चौदाएक दिवस ओढतो, असं त्याने स्वतःच पोलिसांना सांगितलं. जवळजवळ चार वर्षांची शिक्षा झाली. पाचव्या विभागीय कोर्टाने ऑगस्ट २०२३ मध्ये ती रद्द केली: पकडला तेव्हा तो नशेत होता हे कुणी सिद्ध केलंय? वर्षभराने टेक्सासमधल्या एका बाईंच्या प्रकरणातही तेच कोर्ट तेच म्हणालं. इतर विभागांतली सगळीच कोर्टं इतकी उदार नाहीत. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने टेक्सासचंच हेमानी प्रकरण सुनावणीला घेतलं. एक दिवसाआड गांजा घेतो असं सांगणारा माणूस आणि घरात सापडलेलं पिस्तूल, एवढाच त्याचा गाभा. मात्र या सगळ्या लढाया बंदूक बाळगण्याच्या कलमाविषयी आहेत. फॉर्मवर खोटं लिहिण्याचं कलम वेगळं. ब्रायसन खटल्याचा धडा लक्षात घेता, बाळगण्यावरची बंदी उद्या ढिली झाली म्हणून कालचं खोटं आपोआप माफ होईल, असं कुणी धरून चालू नये.

अमेरिकेतल्या मराठी घरांना यातलं काय लागू पडतं? एच-वन-बी व्हिसावर असलेल्याला शिकारीचा परवाना वगैरे अपवाद सोडले तर केंद्राच्या कायद्याने बंदूक घेताच येत नाही. ग्रीन कार्ड असलेल्याला येते, आणि तोही हाच फॉर्म भरतो. न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून गांजा उघड दुकानांत मिळतो. एडिसनमध्ये राहणाऱ्या आपल्या माणसाला वाटतं, सगळे घेतात, मीही घेतला तर काय बिघडलं. बिघडतं ते पुढे. एप्रिल २०१९ मध्ये नागरिकत्व खात्याने स्पष्ट केलं की राज्यात कायदेशीर असला तरी गांजाचा वापर, इतकंच काय गांजाच्या धंद्यातली नोकरीही, नागरिकत्वाच्या अर्जात चांगल्या चारित्र्याच्या आड येऊ शकते. खोटं लिहिणारा नागरिक फार तर तुरुंगात जाईल. ग्रीन कार्डवाल्याने तोच कागद खोटा भरला तर त्याच्या अमेरिकेत राहण्यावरच प्रश्न येऊ शकतो. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने भांगेची पानं वगळली आणि गांजाचा फुलोरा बंदीत घातला. त्यामुळे महाशिवरात्रीची भांग आणि गांजा यांतला फरक आपल्या डोक्यात पक्का असतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याला हा फरक ठाऊक नाही.

मे २०२४ मध्ये केंद्र सरकारने गांजा पहिल्या अनुसूचीतून तिसऱ्या अनुसूचीत आणण्याचा प्रस्ताव मांडला, आणि डिसेंबर २०२५ मध्ये ट्रम्प यांनी हे काम लवकर उरका असा आदेश काढला. पुष्कळांना वाटतं, तेवढं झालं की हा प्रश्न मिटेल. तसं नाही. तिसऱ्या अनुसूचीतला पदार्थही डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घेणं बेकायदाच. आणि राज्यांच्या वैद्यकीय गांजा योजनांत डॉक्टर देतात ती शिफारस, चिठ्ठी नव्हे. गांजात नशा आणणारा जो मुख्य घटक, टीएचसी, तोच कारखान्यात बनवून मॅरिनॉल नावाच्या कॅप्सूलमध्ये १९८५ पासून विकला जातो. कॅन्सरच्या उपचारांत मळमळ थांबावी म्हणून डॉक्टर तो लिहून देतात, आणि १९९९ पासून तो तिसऱ्या अनुसूचीतच आहे. चिठ्ठीप्रमाणे ती कॅप्सूल घेणारा रुग्ण बंदुकीच्या फॉर्मवर 'नाही' लिहू शकतो, आणि ते खरं असतं. शेजारच्या खाटेवरचा रुग्ण त्याच मळमळीसाठी राज्याच्या कार्डावर गांजा घेत असेल, तर त्याच उत्तरासाठी त्याला १० वर्षं होऊ शकतात.